‘कोसला’: भाऊ सांगतोय, कॉलेजकुमार नव्हे

नौपाडा_वाचक

आमच्या वाचनगटात या महिन्यात भालचंद्र नेमाड्यांची ‘कोसला’ कादंबरी घेतली होती. रविवारी सकाळी ठाण्यात, गोखले रोडजवळ एकीच्या घरी जमलो होतो. चर्चा छान रंगली, पण बहुतेक वेळ मेस, होस्टेल, गॅदरिंग आणि पुण्यातल्या प्राध्यापकांवरच गेला. ज्याला त्याला आपापलं कॉलेज आठवत होतं. मनीचा, म्हणजे नायकाच्या धाकट्या बहिणीच्या मरणाचा, विषय अगदी शेवटी निघाला, दोघं-तिघं ‘हो, तो भाग फार अंगावर येतो’ म्हणाले, तेवढ्यात पोहे आले आणि विषय तिथेच राहिला. मला ते रुखरुखत राहिलं, म्हणून हा धागा.

माझं म्हणणं असं, की ‘कोसला’ ही मुळात एका भावाची शोककथा आहे आणि आपण ती साठ वर्षं बंडखोर तरुणाची कादंबरी म्हणून वाचत आलोय. 1963 साली पुण्याच्या देशमुख आणि कंपनीनं ती छापली, तेव्हा नेमाडे पंचविशीचे होते. भाषेनं लोक दचकले, आधीच्या गुळगुळीत कादंबऱ्यांना तिनं धक्का दिला, ते सगळं खरंच आहे. पण त्या गाजावाज्यात एक अगदी साधी गोष्ट नजरेआड झाली. पांडुरंग सांगवीकर पहिल्याच ओळीत आपलं वय पंचवीस सांगतो आणि तिथून मागे वळून सगळं सांगायला लागतो. म्हणजे ज्या क्षणी तो तोंड उघडतो, त्या क्षणी त्याची धाकटी बहीण देवीच्या साथीत जाऊन चुकलेली आहे. आपल्याला ते पुढे कळतं, त्याला ते आधीपासून माहीत आहे.

हे ध्यानात ठेवून पुण्याचे भाग पुन्हा वाचले आणि माझ्यासाठी ते वेगळेच झाले. मेसचा कारभार अंगाशी येतो, पैसे उडतात, परीक्षा बुडते, आणि हे सगळं तो इतक्या सैल हातानं सांगतो की आपण हसतो. पण हा माणूस असा का सांगतोय? कशालाच वजन का देत नाहीये? कारण ज्याला वजन होतं ते गेलेलं आहे. त्यानंतर निवडणुकीत कोण जिंकलं नि नाटकात कोणाला काम मिळालं, याला तो आणखी कुठल्या सुरात सांगणार?

तुम्हाला काय वाटतं? ज्यांनी कॉलेजात असताना वाचली आणि मग चाळिशीनंतर पुन्हा हातात घेतली, त्यांनी जरूर लिहा.

रविवारसकाळ

चांगला धागा. मीही त्या बैठकीत होतो, पोह्यांच्या बाजूलाच बसलो होतो.

एक गोष्ट सांगतो. माझ्याकडे आहे ती वाचनालयातली जुनी, पुन्हा बांधून घेतलेली प्रत. पेन्सिलीनं किती पिढ्यांनी तिच्यात खुणा केल्यात कोण जाणे. होस्टेलच्या पानांवर उभ्या रेघा, उद्गारचिन्हं, एका ठिकाणी ‘अगदी आमचा रेक्टर’ असं समासात लिहिलेलं. मनीच्या पानांवर काहीही नाही. एक टिंबसुद्धा नाही. त्या पानांचे कोपरे मात्र इतरांपेक्षा जास्त मळलेले आहेत. म्हणजे लोक तिथं थांबलेत, पुन्हा पुन्हा आलेत, पण कोणी पेन्सिल उचललेली नाही. आपण गटात जे केलं तेच बहुधा सगळे करत आलेत. त्या भागावर बोलायचं कसं, हे कोणालाच कळत नाही.

येऊरची_वाट

मला हे पूर्ण पटत नाही. मनीचं प्रकरण जबरदस्त आहे, वाद नाही. पण पानांच्या हिशेबानं ते कादंबरीचा लहानसा तुकडा आहे. पांडुरंगाची आणि वडिलांची तेढ लहानपणापासूनची आहे. गावात तो वडिलांचा मुलगा, पुण्यात खेडवळ, परत गावात आला तर शिकून वाया गेलेला. आपण कोण हा प्रश्न त्याला मनी असतानाही छळत होताच. सगळ्याचं मूळ एका मृत्यूत शोधलं तर कादंबरी लहान होते असं मला वाटतं. दुःखाचं एक कारण सापडलं की वाचकाला बरं वाटतं, पण ‘कोसला’ वाचकाला बरं वाटू देत नाही, हेच तर तिचं बळ आहे.

नौपाडा_वाचक

@येऊरची_वाट, मुद्दा रास्त आहे. वडिलांशी तेढ आधीची आहे हे मान्यच. मनीच्या मरणामुळे तो असा ‘झाला’ असं मी म्हणत नाही. मी म्हणतेय ते सांगण्याबद्दल. घडलेलं सगळं आधीचं असेल, पण सांगणारा नंतरचा आहे. माणूस जाण्याआधीच्या आठवणीसुद्धा आपण माणूस गेल्यानंतरच्या तोंडानं सांगतो. त्यात सूर नकळत बदलतो. वडिलांशी झालेलं जुनं भांडण घ्या. बहीण असताना ते निव्वळ भांडण होतं. ती गेल्यावर तेच भांडण ‘या घरात काय जपलं गेलं आणि काय नाही’ याचा पुरावा होऊन बसतं.

आणि पानांच्या हिशेबावर मी जाणार नाही. घरात एखादं माणूस गेल्यावर त्याचं नाव दिवसाकाठी किती वेळा घेतलं जातं, यावरून दुःख मोजत नाहीत.

खाडीकाठी

नमस्कार. मी साहित्यातला नव्हे. आरोग्य खात्यातून निवृत्त झालो, आता कळव्याला मुलाकडे असतो. धाग्यावर देवीचा उल्लेख आला म्हणून लिहितो, कारण आज पन्नाशीच्या आतल्या कोणी हा रोग पाहिलेला नाही आणि त्यामुळे त्या प्रकरणातली एक गोष्ट निसटते आहे असं मला वाटतं.

सत्तरीच्या दशकात मी जव्हार-मोखाड्याच्या बाजूला होतो. तेव्हा तो सगळा मुलूख ठाणे जिल्ह्यातच होता. देवी आलेल्या घरी दारावर कडुनिंबाचा डहाळा असे. आत फोडणी बंद, तळण बंद, वहाणा बाहेर. पोराला कडुनिंबाच्या पाल्यावर निजवत. अंगभर फोड, तळहातावर आणि तळपायावरसुद्धा. कांजिण्यांत ते सहसा नसतात, ओळखायची ती एक खूणच होती. आमच्याजवळ देवी आलेल्या मुलाचं रंगीत छायाचित्र असलेलं एक कार्ड असे. ते बाजारात, शाळेत दाखवून विचारायचं, असं पोर कुठं पाहिलंत का? पुष्कळ घरं पोराला लपवत. देवीआई कोपेल ही भीती. सुई घेऊन आलेला माणूस म्हणजे देवीचा अपमान. दोन टोकांची सुई लसीत बुडवायची आणि दंडावर पंधरा टोचे. रक्ताचा एक थेंब दिसला की काम झालं.

आता मुद्दा. भारतात पहिली लस टोचली गेली ती मुंबईत, 14 जून 1802 रोजी, तीन वर्षांच्या एका मुलीला. देवीच्या निर्मूलनाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला 1962 मध्ये. देशातला शेवटचा रुग्ण 1975 चा, आणि 1980 मध्ये जग देवीमुक्त झाल्याचं जाहीर झालं. कादंबरी आली 1963 ला. म्हणजे मुंबईत पहिल्या मुलीला लस टोचल्यावर दीडशेहून जास्त वर्षांनी खानदेशातल्या खात्यापित्या घरातली एक मुलगी त्याच रोगानं जाते. हे मरण टाळता येण्याजोगं होतं. पांडुरंगाचा संताप तुम्ही साहित्यिक मंडळी जगण्याच्या निरर्थकतेत घालता. माझ्यासारख्याला तो सरळसरळ भावाचा संताप वाटतो, आणि तो रास्त आहे.

दुपारची_लोकल

काका, थरारून गेले वाचून. दारावरचा डहाळा माझ्या आजीच्या बोलण्यात यायचा, पण त्यामागचं घर असं डोळ्यांसमोर कधी उभं राहिलं नव्हतं. अजून लिहा ना त्या दिवसांबद्दल.

येऊरची_वाट

काकांची माहिती मोलाची आहे. तरी थोडी काळजी वाटते. मनीचं मरण लसीअभावी झालं, एवढ्यावर आपण थांबलो तर उद्या कोणी म्हणेल, लस असती तर कादंबरीच नसती. पांडुरंगाला पडलेला प्रश्न ‘कोणाची चूक’ एवढाच नाही. एक हसतंखेळतं पोर होतं, आता नाही, आणि बाकी जग जसंच्या तसं चालू आहे, हे कसं काय? हा प्रश्न लस असलेल्या घरातही पडतो.

तुकोबांचं उदाहरण घेऊ. 1630 च्या सुमाराच्या दुष्काळात पहिली बायको गेली, मुलगा गेला. त्यावरचा अभंग आपल्या सगळ्यांना माहीत आहे. एकेक माणूस गेल्याचं सांगतात आणि प्रत्येक वेळी बरं झालं म्हणतात. वाचताना अंगावर काटा येतो. पण ते कोणाला तरी सांगत आहेत. समोर विठ्ठल आहे. त्याला दोष देता येतो, त्याच्याशी भांडता येतं, शेवटी त्याच्याच पायांशी बसता येतं. पांडुरंग सांगवीकराच्या समोर कोणी नाही. त्याच खानदेशी-वारकरी-महानुभावी मातीतला मुलगा, पण शिकून पुण्याला गेलेला, आणि तिथं त्याला विठ्ठलाच्या जागी काहीच मिळालेलं नाही. ना धड श्रद्धा, ना धड विज्ञान. नुसत्या वादसभा. अर्थाचा शोध म्हणतात तो मला इथं दिसतो.

दुपारची_लोकल

@येऊरची_वाट, म्हणूनच अजिंठ्याचा भाग मनीच्या भागाला लावून वाचावा असं मला वाटतं. तिथं पांडुरंग बुद्धासमोर उभा राहतो, तेव्हा समोर कोणीतरी आहे. पण त्याच्याकडून सांत्वन होत नाही.

मी आर्किटेक्चरची विद्यार्थिनी आहे, ऐरोलीला राहते. अजिंठ्याला अभ्यासदौऱ्याला गेलो होतो. सव्विसाव्या लेण्यात महापरिनिर्वाणाचं शिल्प आहे, सुमारे सात मीटर लांब. बुद्ध उजव्या कुशीवर निजलेले. मंचकाच्या खालच्या पट्टीत शिष्य बसलेत, शोक करताहेत. वरच्या बाजूला देवगण आहेत, ते स्वागताच्या आनंदात आहेत. एकाच घटनेकडे वरचे एका नजरेनं बघतात, खालचे दुसऱ्या. सर बारकावे सांगत होते आणि मी त्या खालच्या पट्टीतून नजर काढू शकत नव्हते. एकानं हनुवटी हातावर टेकवलीय, अगदी आपल्याकडे मयताच्या घरात बसतात तसा.

किसा गोतमीची गोष्ट आठवा. मेलेलं मूल घेऊन ती बुद्धाकडे येते. ते म्हणतात, ज्या घरात कोणी मेलं नाही त्या घरून मूठभर मोहरी आण. ती दारोदार फिरते आणि उमजते. पांडुरंगाला हे ‘सगळ्यांच्याच घरी होतं’ नको आहे. त्याला त्याच्या घरचं हवंय. तो त्या खालच्या पट्टीतून वर जायलाच तयार नाही. मला यात त्याचा पराभव दिसत नाही, उलट त्याची निष्ठा दिसते.

घणसोलीचा

पहिल्यांदाच लिहितोय इथं. वाचत असतो नेहमी.

तुमच्या सगळ्यांच्या बोलण्यात मनी आहे. माझ्या डोक्यात मात्र सांगवी बसलीय. पांडुरंग शेवटी गावाला परत येतो. गाव त्याला नावं ठेवतं, तो गावाला नावं ठेवतो, पण गाव आहे. शेतं आहेत, बांध आहेत, रिकामटेकडे पार आहेत. दुःख घेऊन जायला त्याला एक जागा आहे.

मी आगरी. आमचं गाव नवी मुंबईच्या आधीचं. सत्तर सालापासून जमिनी गेल्या त्यात आमचीही गेली. गावठाण राहिलं, घर तिथंच आहे, पत्ता पणज्याचा तोच माझा. ऑफिसात मे महिन्यात सगळे विचारतात, गावाला कधी जाणार? मी सांगतो, मी गावालाच राहतो. लोकांना खरं वाटत नाही. म्हणतात, नाही रे, मूळ गाव? मूळ गाव हेच. भाताची खाचरं होती तिथं आता सेक्टर आहे आणि माझ्याच बापसाच्या शेतावरच्या बिल्डिंगच्या गेटवर वॉचमन मला वहीत नाव लिहायला लावतो.

बय गेली माझी, बापसाची आई. दहाव्याला पिंडासाठी तांदूळ दुकानातून आणला. आमच्या घरातल्या कोणाच्याही पिंडाला विकतचा तांदूळ लागण्याची ती पहिलीच वेळ. बापूस खाडीवर उभा होता आणि त्या तांदळाकडे बघत होता. रडला तो तेव्हा. बय गेली त्या रात्री रडला नव्हता.

तर माझं म्हणणं एवढंच, की शोक आणि आपण कोण हे दोन वेगळे विषय नाहीत. येऊरची_वाट म्हणतात ओळखीचा प्रश्न आधीपासून आहे, नौपाडा_वाचक म्हणतात मनीमुळे सगळं बदललं. माझ्या घरात तरी दोन्ही एकदमच आलं, एका ताटात. माणूस गेलं तेव्हाच कळलं की जमीन गेलीय. पोरगा होतो तोवर जमीन गेल्याचं नुसतं ऐकलं होतं.

नौपाडा_वाचक

@घणसोलीचा, दादा, तुम्ही लिहिलंत हे फार बरं झालं. पुढच्या बैठकीला या. हे मला स्वतःहून कधी सुचलं नसतं. सांगवी मी नुसती शेवटची पार्श्वभूमी म्हणून वाचली होती.

@खाडीकाठी काका, तुमच्यामुळे माझी एक बाजू पक्की झाली. या मरणाला नुसतं ‘नियती’ म्हणून मोकळं होता येणार नाही. निरर्थकता हा शब्द आपण फार लवकर वापरतो. त्यातली काही निरर्थकता माणसांनी केलेली असते, आणि भाऊ तिचा हिशेब मागत असेल तर त्याला तत्त्वज्ञान सांगून गप्प बसवू नये.

पाम_बीच

इतका वेळ वाचत होते, आता राहवत नाही.

सगळे भावाबद्दल बोलताहेत. मनी कोण होती? ती त्या घरात काय खेळायची, तिला काय आवडायचं, हे आपल्याला भावाच्या नजरेतून तुकड्या-तुकड्यांनी मिळतं, आणि ती जाते ती त्याचं दुःख होण्यासाठी. धाग्याचं शीर्षकच बघा. भाऊ सांगतोय. आणि आई? जिच्या पोटची पोर गेली तिचा शोक किती पानं आहे? ‘कोसला’ मला आवडते, कॉलेजात तर पारायणं केली, पण तिच्यातलं पुण्याचं जग जवळजवळ पुरुषांचं आहे आणि गावच्या घरातल्या बायका दुरून दिसतात. शोकाची कादंबरी म्हणायचं असेल तर शोक कोणाच्या वाट्याला दिला आणि कोणाच्या नाही, हेही विचारायला हवं.

माझी थोरली बहीण 2021 मध्ये कोविडात गेली. खारघरला आम्ही दोघी एकत्र राहायचो. त्यानंतर ‘तूच आता मुलगा आहेस’, ‘आईबाबांना जप’ हे इतक्यांदा ऐकलं की मी बहिणीसाठी रडतेय हे कोणाच्या लक्षातच आलं नाही. लग्नासाठी माहितीपत्रक करताना भावंडं या रकान्यात काय लिहायचं, यावर घरात एक पूर्ण संध्याकाळ गेली. बाबा म्हणाले, एक बहीण लिही. आई म्हणाली, लोक विचारतील. शेवटी मी लिहिलं: एक थोरली बहीण. पुढे काही नाही.

आणि तरीही सांगते, त्या वर्षी मला कुठल्या पुस्तकानं साथ दिली असेल तर ती याच. कारण पांडुरंग दुःखानं चांगला होत नाही. कथा-कादंबऱ्यांत बहुतेकदा मरणानंतर माणसं शहाणी होतात, समजूतदार होतात, कोणाच्या तरी कामी येतात. हा आणखी आळशी होतो, आणखी तिरसट, लोकांना टाकून बोलतो, काही करत नाही. त्या दिवसांत मी अगदी तशीच होते आणि सगळे माझ्यावर नाराज होते. एका कादंबरीनं ते तसंच्या तसं राहू दिलं.

रविवारसकाळ

@पाम_बीच, तुमचं लिहिणं वाचून मी पुस्तक पुन्हा उघडलं आणि आई शोधायला लागलो. तुमचं बरोबर आहे, ती बाजूला उभी आहे. पण यात मला एक शंका येते. सांगणारा पांडुरंग आहे. त्याला आई दिसत नाही, की लेखकाला? पहिल्या पुरुषातली कादंबरी असल्यानं हे वेगळं काढणं अवघड आहे.

पाम_बीच

पहिल्या पुरुषात सांगणाऱ्याला दिसत नाही म्हणून वाचकालाही दिसू नये, असं थोडंच आहे? चांगला लेखक सांगणाऱ्याच्या पाठीमागून आपल्याला बरंच काही दाखवू शकतो. वडिलांच्या बाबतीत नेमाड्यांनी तेच केलंय. पांडुरंग त्यांच्यावर इतका चिडतो, पण वाचताना त्यांचीही बाजू कळते, त्यांची तगमग कळते. मुलाच्या शिक्षणावर पैसा ओतणारा शेतकरी बाप आपल्याला ओळखू येतो. आईच्या वाट्याला ती कारागिरी आली नाही एवढंच म्हणतेय.

येऊरची_वाट

हे मात्र मान्य करायलाच हवं. वडिलांचं उदाहरण चपखल आहे.

खाडीकाठी

पाम_बीच ताई, तुमच्या बहिणीबद्दल वाचून वाईट वाटलं. माहितीपत्रकात लिहिलंत ते योग्यच केलंत.

आईबद्दल माझ्या अनुभवातलं सांगतो. देवीच्या घरात पोराजवळ बसायची ती आईच. बाप दाराशी असे, पंचांशी, आमच्याशी, भगताशी बोलायला. लसीला नाही म्हणणारा बहुधा बाप किंवा आजा. आई आतून बघत असे, आणि एखादी आम्ही निघालो की मागच्या दारानं धाकटं पोर दंड उघडा करून पुढे करी. तोंडातून शब्द नाही. अशा बाया मी पाहिल्यात. त्यांच्याबद्दल कोणी लिहिलं असेल तर मला वाचायचं आहे.

दुपारची_लोकल

काका, तुम्हीच लिहा ना. खरंच. मी टाइप करून देईन, कळव्याला येईन हवं तर.

घणसोलीचा

+1. काका, मोखाड्याचं लिहाच.

नौपाडा_वाचक

काका, नाही म्हणू नका. बैठकीत वाचून दाखवा, छापायचं पुढचं पुढे बघू.

@पाम_बीच, शीर्षकाबद्दल विचार करतेय. भाऊ सांगतोय हे मी कौतुकानं लिहिलं होतं, तुम्ही त्यातली मर्यादा दाखवलीत. शीर्षक तसंच ठेवते, कारण ते आता दोन्ही अर्थांनी खरं आहे.

पुढच्या महिन्यासाठी विश्राम बेडेकरांची 1939 ची ‘रणांगण’ सुचवते आहे. युद्धाच्या तोंडावर जहाजावर भेटलेले चक्रधर आणि हेर्टा. तिथंही सांगणारा पुरुषच आहे आणि जाते ती बाईच, तेव्हा पाम_बीच यांचा प्रश्न घेऊनच वाचायला बसू. मराठी ग्रंथसंग्रहालयात प्रती असाव्यात. 1893 पासूनचं वाचनालय आहे, जुनं काही हवं असलं की मी आधी तिथंच जाते. कोणाकडे जास्तीची प्रत असली तर इथं कळवा, घणसोलीकर दादांना आणि ऐरोलीला पोचवायची सोय करते. आणि ‘कोसला’त आई जिथं जिथं येते त्या जागा ज्यांना सापडतील त्यांनी या धाग्यावर टाकत राहा, मी दुसऱ्या भागापासून सुरुवात केलीय.